चढावर चाललात तर डबल

आमच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक चिंध्या, कारण आई ब्लाउज शिवते. दुसरी किस्से, कारण आई ब्लाउज शिवताना गप्प बसत नाही. चिंध्यांची आम्ही पायपुसणी करतो. किश्शांचं काय करायचं ते कधी ठरलं नव्हतं. त्यात गेल्या वर्षी आम्ही मायलेकींनी ब्रेस्ट कॅन्सरच्या वॉकसाठी पैसे जमवायचं मनावर घेतलं, आणि मग तर विचारू नका! पैसे मागायला गेलं की माणूस खिशात हात घालायच्या आधी तोंड उघडतो. दोन महिन्यांत इतकं साठलं की आता कुणाला तरी दिल्याशिवाय घरात जागा होणार नाही.

यात शालूआत्याचा विषय बराच येणार आहे, म्हणून तिची रीतसर परवानगी घेतली. ती म्हणाली, "सांग काय सांगायचं ते. फक्त मला म्हातारी म्हणू नको."

तर शालूआत्या ही बाबांची सदुसष्ट वर्षांची तरुण थोरली बहीण.

*

आईचं दुकान म्हणजे आमची पुढची पडवी. एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं. दीड वर्षापूर्वी आईचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि उजवी बाजू काढली. टाके निघाले, केमो झाली, केस गेले, केस आले. आता बरी आहे.

हातात जोर आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर स्वतःचे अकरा ब्लाउज उसवले आणि उजवीकडे कापसाची गादी घालून पुन्हा शिवले. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "अरे वा, फिटिंग फारच छान! मुंबईहून मागवलंत का?"

आई म्हणाली, "घरीच शिवते. तुमचा खांदा उतरतोय डाव्या बाजूला. माप देऊन जा."

डॉक्टरीणबाई आता आमच्या गिऱ्हाईक आहेत.

आई आजारी होती त्या आठ महिन्यांत आमच्या घरचा स्वयंपाक शालूआत्याने केला. ती मागच्या दोन खोल्यांत राहते. सासरचं घर गुहागरला, पोफळीच्या बागेत, कुलूप लावलेलं. एकुलता एक मुलगा संदीप कल्याणला. आत्याचा स्वभाव असा, की आईला उलटी झाली तरी आधी विचारायची, "मीठ जास्त झालं होतं का?"

आता मुख्य गोष्ट. ब्लाउज शिवायला टाकताना बायका स्वतःचं माप देत नाहीत. जुना, अंगाला बसलेला ब्लाउज पाठवतात. तो मापाचा ब्लाउज. 'यावरून शिवा' म्हटलं की झालं. मागच्या दिवाळीला आत्याने एक नवा खण आणि आपला मापाचा ब्लाउज आईच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "सुधा, यावरनं शिव. फक्त डावीकडचा टक्स वाईच सोड. काचतो."

"आणि उजवीकडचा?"

"तो बरा आहे."

टक्स म्हणजे छातीच्या उभारासाठी घातलेली शिवणीची चूण. आईने मशीन थांबवलं. तिला चाळीस वर्षांत एक गोष्ट नक्की कळलेली आहे. बाई जाड होते तेव्हा दोन्हीकडून होते. एकाच बाजूने कुणी जाड होत नाही.

"वन्सं, जरा आत या बघू."

"काय बघायचंय? वय झालं की काही ना काही वाढतंच मेलं."

"आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ."

"पुन्हा हा विषय काढलास तर गुहागरला निघून जाईन. घराची किल्ली कमरेला आहे माझ्या!"

आणि खरोखरच कमरेची किल्ली काढून दाखवली.

मला आत्याचा भयंकर राग आला. मी आईला म्हटलं, "लाजेपायी मरेल ही बाई." आईने मला गप्प केलं. तिसऱ्या दिवशी हुकांना काजं करता करता म्हणाली, "ही एकटी जायची नाही. घोळक्यात जाईल. घोळका जमवायला पाहिजे."

कोल्हापूरच्या एका ट्रस्टची तपासणीची गाडी आहे. आत मशीन, डॉक्टर, सगळं. येण्याजाण्याचा आणि दिवसभराचा खर्च भरला की गाडी येते आणि बायकांना फुकट तपासते. आमचं ठरलं. मोठा वॉक काढायचा, त्यातून खर्च जमवायचा, वॉक संपेल तिथे गाडी उभी करायची, आणि घोळक्याबरोबर आत्या आत. इतरांच्या वॉकमागे जनजागृती असते. आमच्या वॉकमागे एक डावा टक्स होता.

*

पावतीपुस्तकं छापायला मी प्रेसवर गेले. प्रेसवाले काका सज्जन, कपाळाला गंध. मी मजकूर दिला : 'स्तन कर्करोग तपासणी व जनजागृती पदयात्रा'. त्यांनी तो वाचला, कागद टेबलावर पालथा ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही शाळेत शिकवता ना?"

"हो. भूगोल."

"मग तुम्हाला दुसरा एखादा शब्द ठाऊक असेल की."

"भूगोलात नाही."

"बरं, मी बघतो काय करता येतं ते."

चार दिवसांनी पुस्तकं आली. वर ठळक अक्षरांत छापलेलं : 'स्त. कर्करोग तपासणी व जनजागृती पदयात्रा'.

"काका, हे काय?"

"शॉर्टफॉर्म! ज्याला कळायचं त्याला कळतं. आणि एका ओळीत बसलं, बघा."

दहा पुस्तकं छापून झाली होती. आम्ही ती घेऊन बाहेर पडलो. एका ऑफिसात साहेबांनी पावती निरखून बघितली. "स्त. म्हणजे काय? स्थानिक का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "हो."

"म्हणजे आपल्या रत्नागिरीपुरताच?"

"सध्या तरी."

साहेबांनी लगेच पाचशेची पावती करायला सांगितली. बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, "अगं, स्थानिकचं स्था. होतं, स्त. नाही!" आई म्हणाली, "देणाऱ्याचं शुद्धलेखन तपासायचं नसतं."

आत्याने पावती बघितली आणि पहिल्यांदाच आमच्यावर खूष झाली. "हे बरं केलंत. अब्रू राहिली."

*

वॉकचा रस्ता मी आखला. वर मारुती मंदिरापासून निघायचं आणि खाली मांडवीच्या समुद्रापर्यंत जायचं. चार-एक किलोमीटर. सुरेख रस्ता. रिक्षा स्टँडवर पावतीपुस्तक काढलं तर एक रिक्षावाला म्हणाला, "चार किलोमीटरला वर्गणी? अहो, ऐंशी रुपयांत सोडतो!"

आई म्हणाली, "चालायचं आहे आम्हाला."

"मग तर फुकटच आहे की!"

तो बिचारा मनापासून आमचा खर्च वाचवत होता.

पण खरी गाठ पडली ती तात्यांशी. तात्या आमच्या समोर राहतात, निवृत्त सर्व्हेअर. जमीन मोजण्यात हयात गेली. त्यांनी माझा नकाशा हातात घेतला, चष्मा वर केला, आणि विचारलं, "भूगोल कोण शिकवतं शाळेत?"

"मी."

"मग हा सगळा उतार आहे, हे तुझ्या लक्षात नाही आलं? मारुती मंदिरावरनं धोंडा सोडला तरी मांडवीला पोचेल! उतारावर चालायचे कसले पैसे? चढावर चाललात तर डबल देतो."

आई म्हणाली, "तात्या, शब्द?"

"शब्द!"

आईने तिथल्या तिथे वॉक उलटा केला. मांडवीहून निघून वर. गाडी मारुती मंदिराजवळच्या शाळेच्या मैदानात. मला परवानगीचा अर्ज नव्याने करावा लागला, आणि त्यात मार्ग बदलण्याचं कारण लिहायचं होतं. मी खूप विचार करून लिहिलं, 'देणगीदारांची इच्छा'.

तात्यांनी शब्द पाळला. एकशे दोन रुपये रोख दिले. उताराचा दर एकावन्न होता!

*

जनीबाय आमच्याकडे गेली वीस वर्षं मासे घेऊन येते. पडवीच्या पायरीवर टोपली टेकवून तिने विचारलं, "कसला गो कॅन्सर?"

मी म्हटलं, "म्हणजे बायकांचा… इथला… ब्रेस्टचा…"

"कशाचा गो?"

"म्हणजे छातीच्या…"

"थानाचा?" जनीबाय इतक्या जोरात म्हणाली की समोर तात्यांनी पेपर खाली केला. "मग तसा सरळ सांग ना गो! वासराला कळता, तां मास्तरणीला सांगता येत नाय?"

तिने माझ्या हातातलं एक पावतीपुस्तक ओढून घेतलं, टोपलीत बांगड्यांवर ठेवलं आणि निघून गेली. ती मासळी बाजारात काय बोलली ते मला ऐकायला मिळालं नाही. संध्याकाळी पुस्तक परत आलं ते संपलेलं, ओलं आणि खवल्यांसकट. आम्ही दोन आठवड्यांत जमवलं होतं त्याहून जास्त तिने एका दुपारी जमवलं. ट्रस्टला स्थळप्रती पाठवल्या तेव्हा तिकडच्या मॅडमनी फोन करून विचारलं, "तुम्ही समुद्राच्या अगदी जवळ राहता का हो?"

तेव्हापासून आईने 'स्त.' सोडून दिला आणि जनीबायचा शब्द धरला. कल्याणला संदीपदादाला फोन लावला. "संदीप, आम्ही थानाच्या कॅन्सरसाठी वॉक काढतोय. काही मदत करशील का?"

"ठाण्याच्या? मामी, मी कल्याणला राहतो."

"कुठेही राहा. पैसे पाठव."

"पाठवतो गं. पण ठाण्याच्या कॅन्सरसाठी तुम्ही रत्नागिरीत का चालताय?"

आत्या शेजारीच वाल सोलत बसली होती. आईला खुलासा करता येईना. ती म्हणाली, "इथली हवा चांगली आहे."

दादाला ते पटलं. त्याने पैसे तर पाठवलेच, वर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला : 'ठाणेकरांसाठी रत्नागिरीकर चालणार!' ठाण्यातल्या चार अनोळखी कुटुंबांनी गहिवरून पैसे पाठवले. त्यांना आम्ही अजून खरं सांगितलेलं नाही.

फोन ठेवल्यावर आत्या वाल घेऊन आत गेली, तेव्हा मी आईला म्हटलं, "सांगून टाकूया का दादाला? त्याची आई आहे."

"आणि ती गुहागरला जाऊन बसली तर? तिथे तिला बघायला पोफळी आहेत फक्त."

पण मला त्या दिवसांत झोपेतही तो डावा टक्स दिसायचा. वॉकला अजून पाच आठवडे होते, आणि आतल्या गाठीला आमची तारीख थोडीच ठाऊक होती.

*

जानेवारीत आईने पडवीवर पाटी लावली : 'या महिन्याची सर्व शिलाई वॉकला. मापाचा ब्लाउज चालणार नाही. माप टेपनेच घेतले जाईल.'

युक्ती अशी, की टेपने माप द्यायचं तर बाईला पडद्यामागे यावं लागतं. आणि पडद्यामागे आली की आई माप घेता घेता सगळं सांगायची. महिन्यातून एकदा हात कसा फिरवायचा, काय लागलं तर थांबायचं नाही, स्वतःचं कसं झालं. पदर बाजूला करून दाखवायची सुद्धा. बायका आत जाताना बडबडत जायच्या आणि बाहेर येताना हळू यायच्या.

एक दिवस आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या. वीस वर्षं त्यांचा ब्लाउज मापावरून शिवला जातोय. पहिल्यांदाच टेप लागली.

आई म्हणाली, "एक्केचाळीस."

"छत्तीस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक्केचाळीस आहे, बाई."

"माझी छाती छत्तीस आहे. बीएडपासून."

"मी पुन्हा घेते. एक्केचाळीस."

"तुमची टेप आखडलीय!"

मोठ्या बाई तशाच निघून गेल्या. जाताना म्हणाल्या की देणगी परत हवी. त्या थेट बाजारातल्या दुसऱ्या टेलरकडे गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या, खुर्चीवर बसल्या, पाणी मागितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्याकडेच टाकते. तुमच्याकडे एक इंच कमी आहे."

हे सगळं घडलं तेव्हा मी घरात नव्हते, असं शाळेत ठरलेलं आहे.

आईने पाटी लावली त्या दिवशी आत्यालाही हाक मारली होती. "वन्सं, नियम सगळ्यांना सारखा. या, टेप लावू."

"माझं माप तुला तोंडपाठ आहे."

"होतं."

आत्याने उलट विचारलं, "दिवाळीचा माझा ब्लाउज कुठवर आलाय?"

"टक्सवर अडलाय."

"सोड म्हटलं ना?"

"सोडते. आधी बघू दे."

"मग राहू दे मेला तसाच!"

दोघींचं हे भांडण रोज सकाळी चहाच्या वेळी व्हायचं, आणि लगेच आत्या आईच्या पुढ्यात बशीत दोन बिस्किटं ठेवायची. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणायचे, "एका ब्लाउजवरून इतकं? दुसऱ्या टेलरकडे टाका ना!"

*

वर्गणीत सगळेच काही पैसे देत नाहीत. राजापूरच्या मामाने काजूच्या बियांचं अर्धं पोतं पाठवलं आणि वर चिठ्ठी, 'भाजून, फोडून, विकून घ्या.' ज्यांच्या हातात स्वतःचा पैसा नसतो अशा बायकांनी ब्लाउजपीस दिले. प्रत्येक घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा एक गठ्ठा असतोच. कुणी ते शिवत नाही, फक्त पुढच्या ओटीत घालतात. आमच्याकडे एकशे चाळीस जमले. त्यातला एक जांभळा, पिवळ्या काठाचा आईने बघताक्षणी ओळखला. "हा मीच दिला होता! नऊ वर्षांपूर्वी."

"कुणाला?"

"तेच आठवत नाही. पण आणून दिलाय तो तिसऱ्याच बाईने."

आईने त्या सगळ्यांच्या कापडी टोप्या शिवल्या, चालणाऱ्या बायकांसाठी. गुलाबी टी-शर्ट परवडत नव्हते. एकशे चाळीस टोप्या, एकही दुसरीसारखी नाही, आणि सगळ्यांना आतून ब्लाउजचे काठ.

*

वॉकच्या आधी आळीतल्या मंडळाने हॉलमध्ये सभा घेतली. अध्यक्षांना भाषणाची फार हौस. माइक हातात घेऊन त्यांनी सुरुवात झोकात केली. "बंधूंनो आणि भगिनींनो, आज समाजात महिलांच्या…"

इथे ते थांबले. समोर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या.

"महिलांच्या… त्या… हृदयाच्या अगदी जवळच्या भागाचा आजार वाढतो आहे!"

जोरदार टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पडवीत तीन पुरुष हजर, हातात ईसीजीचे कागद. एकाने तर बायपासची फाइलच आणली होती. "गाडी फुकट तपासते ना?"

आई म्हणाली, "तुमचा भाग जवळचाच आहे, पण तो नव्हे."

मग तिला वाटलं, आलेच आहेत तर चार गोष्टी सांगाव्यात. म्हणून ती म्हणाली, "तसा हा पुरुषांनाही होतो बरं का. क्वचित. त्यांनीही हात लावून बघावं."

बायपासवाल्यांनी फाइल छातीशी धरली आणि ते तिघेही चहा न घेता गेले.

*

आता वॉकचा दिवस. आत्याने आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं, "मी चालणार नाही. त्या नावाचा फलक घेऊन मला मिरवायचं नाही. पोहे मी करीन."

आईला हेच हवं होतं. तिने पोह्यांची शेगडी तपासणीच्या गाडीला अगदी खेटून मांडायला सांगितली. आम्ही मांडवीला गेल्यावर आत्याने ती उचलून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. आल्यावर आईने विचारलं, "वन्सं, शेगडी इकडे कशी?"

"डॉक्टरांच्या डोळ्यात धूर जात होता."

शेगडी गॅसची होती.

वॉक छान झाला. चढावर सगळ्या बायकांनी आम्हाला शिव्या घातल्या, आणि आईने त्या जशाच्या तशा तात्यांकडे पाठवल्या. तात्या मोठ्या वळणावर उभे राहून सगळ्या खरोखर चढतायत ना ते बघत होते. जनीबाय सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर टोपी आणि टोपीवर चुंबळ, सवयीने. वर पोचल्यावर बायकांनी गाडीसमोर रांग लावली. पायऱ्यांशी टेबल टाकून मी फॉर्म भरत होते. नाव, वय, पत्ता, काही त्रास आहे का, असला तर कधीपासून. एकामागून एक बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या, पलीकडे जाऊन पोहे खात होत्या. आत्या पोहे वाढत होती. आमच्या टेबलाकडे तिने एकदाही बघितलं नाही.

एक वाजला. रांग संपली. गाडीतली तरुण मुलगी दारात आली आणि म्हणाली, "झालं ना ताई सगळ्यांचं? आवरायचं का? आम्हाला उजेडातच घाट पार करायचाय."

मी आईकडे बघितलं. आई आत्याकडे बघत होती. दोन महिने दारोदार फिरलो, वॉक उलटा केला, एकशे चाळीस टोप्या शिवल्या, आणि ज्या एका बाईसाठी हे सगळं केलं ती पन्नास पावलांवर पातेलं खरवडत होती. मला रडू यायला लागलं. मी उठून तिला ओढत आणणार होते. आईने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"पाच मिनिटं थांबशील का गं?" आई त्या मुलीला म्हणाली.

आत्याने पातेल्यातले उरलेले पोहे एका बशीत काढले, वर खोबरं घातलं, दुसऱ्या बशीचं झाकण घातलं, आणि मैदान ओलांडून आली. बशी त्या मुलीच्या हातात दिली. "सकाळपासून उपाशी आहेस. खा."

मग पदराला हात पुसले, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. "हां. विचार काय विचारायचं ते."

मी नाव लिहिलं. वय लिहिलं. पत्ता लिहिला. मग विचारलं, "काही त्रास आहे का?"

"गाठ आहे. डावीकडे."

वरण हवं का विचारावं इतक्या साध्या आवाजात! मी खालचा 'कधीपासून'चा रकाना भरायला घेतला. तिथे काय लिहायचं ते मला ठाऊक होतं, म्हणून 'दिवाळी' लिहायला सुरुवातही केली.

"दिवाळी कुठली?" आत्या माझ्या कागदात वाकून म्हणाली. "हिचे टाके काढले ना, त्या दिवशी लागली हाताला."

आई माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता.

"वन्सं," ती म्हणाली, "दीड वर्ष झालं त्याला. तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून? दोघी एकदम आडव्या झालो असतो तर स्वयंपाक कुणी केला असता? तुझ्या नवऱ्याने?" आत्याने खुर्ची पुढे ओढली. "मेघा, थांबलीस कशाला? लिही पुढे. त्या पोरीचे पोहे निवतायत."